शिडीने वर, पायऱ्यांनी खाली : रतनगडाची गोल वाट

सोलापूर शहरात चढ असा नाहीच. किल्ला आहे तो भुईकोट, तलाव आहेत ते सपाटीवरचे, आणि चालताना धाप लागावी अशी जागा शोधायची तर रेल्वेमार्गावरच्या उड्डाणपुलाशी जावे लागते. चालण्याची सवय मात्र इथे घरोघरी आहे. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडे पायी निघणाऱ्यांनी रस्ता भरून जातो, आणि सकाळी एकत्र फिरणाऱ्या आमच्या गटातील बहुतेक मंडळी हे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर रात्रीतून तोडणारी आहेत. त्यामुळे दिवाळीनंतर रतनगडाला जाण्याचा विषय निघाला आणि ही चढाई 'मध्यम श्रेणी'ची असल्याचे कोणीतरी सांगितले, तेव्हा यंत्रमागाचा कारखाना चालवणारे आमचे अण्णा सहज म्हणाले, "तुळजापूरला जातो की आपण चालत. हे आठ-नऊ किलोमीटर म्हणजे काय मोठं?"

अंतराच्या दृष्टीने अण्णांचे म्हणणे बरोबर होते. परंतु डोंगराची श्रेणी अंतरावर ठरत नाही. दोर लावावा लागत नाही, गिर्यारोहणाचे तंत्र शिकावे लागत नाही, एवढ्या अर्थाने रतनगड मध्यम आहे. मात्र त्यात लोखंडी शिड्या आहेत, एका बाजूला खोल दरी असलेल्या अरुंद वाटा आहेत, आणि विश्रांतीसह सात-आठ तास सलग पायांवर राहणे आहे. ही श्रेणी ज्यांनी ठरवली त्यांचे पाय सह्याद्रीत तयार झालेले आहेत, आपले पाय माळरानावर तयार झाले आहेत, हे लक्षात घेऊनच पठारावरच्या माणसाने ती वाचावी, असे माझे मत आता झाले आहे.

रतनगड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या टोकाशी उभा आहे. त्याची उंची सुमारे 1297 मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वाचार हजार फूट. पायथ्याचे रतनवाडी हे गाव स्वतःच बऱ्याच उंचीवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढाई साधारण साडेपाचशे मीटरची पडते. गडावर जाण्याच्या दोन वाटा प्रचलित आहेत. पहिली रतनवाडीहून जंगलातून वर येऊन शिड्यांनी गणेश दरवाजात पोहोचते, आणि दुसरी साम्रद गावाहून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी त्र्यंबक दरवाजात येते. बहुतेक लोक रतनवाडीहून चढतात आणि त्याच वाटेने परततात. आम्ही मात्र रतनवाडीहून चढून गडाचा माथा ओलांडून साम्रदला उतरण्याचे, आणि साम्रदपासून जलाशयाभोवतीच्या रस्त्याने गाडीने पुन्हा रतनवाडीला येण्याचे ठरवले. अशाने गडाच्या दोन्ही अंगांची ओळख होते आणि एकदा पाहिलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही.

तयारीचा भाग मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण सोलापूरच्या वाचकाला खरा उपयोग त्याचाच आहे. आमच्या गटातील मॅडम एका शाळेत शिकवतात आणि त्यांची भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने पहिल्याच भेटीत सांगितले की, चढण्याची काळजी करू नका, उतरण्याची करा. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात आणि लागतो तो दम. थोडे थांबले की तो परत येतो. उतरताना मात्र तेच स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार पेलत असतात, आणि या प्रकारच्या श्रमाची ज्यांना सवय नसते त्यांच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात. सपाट रस्त्यावर कितीही चालले तरी ही सवय लागत नाही. म्हणून तिने आम्हाला जिने उतरण्याचा सराव दिला. एका परिचितांच्या उंच इमारतीत त्यांच्या परवानगीने आम्ही पाठीवर पिशवी घेऊन जिन्याने वर जायचो आणि हळूहळू, पाऊल आपटू न देता, पूर्ण टाच टेकवत खाली यायचो. लिफ्टमधून जाणारे रहिवासी आमच्याकडे सहानुभूतीने पाहत असत. आठवड्यातून एखादी सकाळ तुळजापूरच्या घाटातही गेली. बालाघाटाची ती रांग सह्याद्रीपुढे फारच ठेंगणी असली, तरी आमच्या जिल्ह्याच्या शेजारी चढ म्हणून तीच हाताशी आहे.

सामानाची यादी लांबवण्यात अर्थ नाही. तळव्याला खोल खाचा असलेले बूट, दोन्ही हात मोकळे ठेवणारी पाठपिशवी, प्रत्येकी तीन लिटर पाणी, विजेरी, आणि टॉवेलाऐवजी आपल्याकडचा पातळ पंचा, जो भिजवून मानेभोवती गुंडाळता येतो आणि चालता चालता वाळतोही. शिदोरीचा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्याइतके प्रवासाला सोयीचे अन्न मला दुसरे ठाऊक नाही. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर तिच्यातला ओलावा पूर्ण जाईपर्यंत कडक केली की ती आठवडेच्या आठवडे टिकते. तिला वजन नसते, ती घामट होत नाही, आणि पिशवीत तिचे तुकडे झाले तरी काही बिघडत नाही, कारण खायची ती कुस्करूनच.

आम्ही भाड्याची गाडी करून रात्री निघालो. टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग आहे आणि तो एका दमात करण्यासारखा नाही. उजाडल्यावर प्रवरेच्या काठची ऊसशेती दिसू लागली, तेव्हा अण्णांनी आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा विषय काढला. प्रवरा भंडारदऱ्याहूनच येते आणि या सबंध पट्ट्यातील कालव्यांचे पाणी तिथल्या धरणाचे आहे. 1910 साली काम सुरू होऊन 1926 साली पुरे झालेल्या या धरणाला विल्सन धरण म्हणतात. त्याच पाण्यावर पुढे प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगाचे अनुकरण करीतच आपल्याकडची कारखानदारी वाढली. ज्या पाण्याचे शेवटचे टोक आम्ही पाहत होतो, त्याच्या उगमापाशी आम्हाला जायचे होते, कारण प्रवरा उगम पावते ती रतनगडाच्याच कुशीत.

दुपारी शेंडी गावाहून पुढे जलाशयाच्या काठाने रतनवाडीत पोहोचलो. हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर माणशी आणि गाडीचे प्रवेशशुल्क भरावे लागले. गावात आम्ही एका घरी जेवणाची आणि मुक्कामाची सोय केली होती. घरधनीणबाईंना आम्ही मावशी म्हणू लागलो आणि त्यांचा धाकटा मुलगा दुसऱ्या दिवशीचा आमचा वाटाड्या होता. संध्याकाळ अमृतेश्वराच्या मंदिरात गेली. या मंदिराला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते, परंतु त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे, म्हणजे मधल्या उभ्या पट्ट्यांच्या दरम्यान लहान-लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या आहेत. सिन्नरच्या गोंदेश्वराचे मंदिर पाहिलेल्यांना ते नाते लगेच कळेल. शेजारी देवकोष्ठांनी वेढलेली चौकोनी पुष्करणी आहे. तिच्या काठावर बसलो की गड समोर दिसतो. माथ्याच्या उजवीकडे सुटा उभा असलेला सुळका म्हणजे खुट्टा, आणि कड्याच्या धारेत दिसणारा उजेडाचा ठिपका म्हणजे नेढे, असे वाटाड्याने दाखवले. उद्या आपण त्या ठिपक्यात बसणार आहोत, हे ऐकून मॅडम काही वेळ बोलल्याच नाहीत.

रात्री थंडी चांगलीच होती. मावशींनी नागलीची भाकरी, पिठले आणि भात वाढला. आम्ही आमची कडक भाकरी काढली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन बोटाने वाजवून पाहिली आणि "ही भाजायची राहिली का जास्त भाजली?" असे विचारले. चटणी मात्र त्यांना फार आवडली.

पहाटे अंधारातच निघालो. पहिला टप्पा प्रवरेच्या ओढ्यासोबतचा आहे. पावसाळ्यात या भागात पाऊस असा कोसळतो की आपल्याकडे सबंध वर्षात पडतो त्याच्या कितीतरी पट एका हंगामात होतो, आणि तेव्हा हाच ओढा ओलांडणे जिवावरचे ठरते. नोव्हेंबरात मात्र दगडांवरून उड्या मारत पाय कोरडे ठेवून जाता आले. वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर पुनःपुन्हा जाते आणि अंधारात ती नेमकी कुठे ओलांडायची हे नवख्याला कळत नाही. वाटाड्या घेण्याचे पहिले कारण हे, आणि दुसरे म्हणजे पुढे जंगलात लागणारा फाटा. तिथून एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे आणि तिथून पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाते, दुसरी रतनगडाला. ती दुसरी वाट चढाची आहे, आणि पहिली अधिक मळलेली व सुखाची वाटते, यातच सारे आले.

जंगलातला चढ मला सर्वांत आवडला. हिरडा आणि जांभूळ यांची उंच झाडे, खाली कारवीची दाटी, आणि वाळू लागलेल्या पानांचा वास. कारवीची फुले सात वर्षांतून एकदा येतात. आमच्या वाट्याला नुसत्या खरखरीत काड्या आल्या, परंतु निसरड्या चढावर त्याच काड्यांनी आधार दिला. चढ सुरू होताच अण्णांनी आपला तुळजापूरचा वेग धरला आणि थोड्याच वेळात ते एका मुळावर बसलेले दिसले. वाटाड्या त्यांना म्हणाला, "काका, बोलता येईल एवढ्याच बेतानं चला. बोलणं तुटलं की थांबा." हा नियम इतका सोपा आणि अचूक होता की पुढे दिवसभर आम्ही तोच पाळला. गटातील औषधविक्रेते गृहस्थ तर चढताना मुद्दाम आर्या म्हणत होते. आर्येचा दुसरा चरण पुरा झाला नाही की सगळे थांबत.

झाडी संपली आणि कडा एकदम समोर आला. आपल्याकडे विहीर खणताना काळी माती आणि मुरूम संपल्यावर जो काळा खडक लागतो, तोच हा खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून दख्खनचे पठार झाले, त्यातले थर सोलापुरात जमिनीखाली आडवे आहेत, आणि इथे पश्चिमेच्या कडेला पाण्याने कापून काढल्यामुळे ते भिंतीसारखे उघडे पडले आहेत. कड्यावरच्या आडव्या रेघा मोजता येतात. मला हा विचार विनाकारण धीर देऊन गेला. ओळखीचा दगड आहे, फक्त उभा आहे.

कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. शिडी चढणे हे बळाचे काम नाही, ते मनाचे काम आहे. वाटाड्याने तीन गोष्टी सांगितल्या. एका वेळी शिडीवर एकच माणूस असावा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले असावेत. आणि पाठपिशवीचे लोंबणारे पट्टे आत खोचून घ्यावेत, कारण गजात पट्टा अडकला की माणूस दचकतो आणि दचकणे वाईट. गज सकाळी इतके गार होते की तळहात झोंबत होते. शिडी आणि कडा यांच्या मधल्या फटीतून खालची झाडे दिसतात. मॅडमनी खाली न पाहता समोरच्या दगडाकडे पाहत एकेक गज मोजत चढाई केली आणि वर पोहोचल्यावर आकडा जाहीर केला, तो वाटाड्याच्या आकड्याशी जुळला नाही, यावर थोडा वादही झाला. शिड्यांच्या नंतर कातळातल्या पायऱ्या आणि मग गणेश दरवाजा.

शिडीच्या वर माकडे आहेत आणि त्यांना पिशवीची चेन उघडता येते, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. गणेश दरवाजातून आत गेल्यावर रत्नादेवीची गुहा आणि मुक्कामायोग्य मोठी गुहा लागते. तिथे आमच्यापुढे असलेल्या एका गटाची बिस्किटे काही क्षणांत गेली. आमची कडक भाकरीही माकडांनी उघडून पाहिली, पण एकाने तिचा तुकडा हुंगून टाकून दिला. त्या गुहेच्या आसपास मागच्या सुट्टीतल्या मंडळींनी प्लॅस्टिकच्या ताटल्यांचा ढीग मागे ठेवलेला होता. वाटाड्या काही न बोलता पोते काढून तो भरू लागला, तेव्हा आम्हीही हात लावला. पोते मात्र साम्रदपर्यंत त्यानेच वाहिले.

गुहेत बसून चहा घेताना त्याने राघोजी भांगरे यांच्या आठवणी सांगितल्या. राघोजी याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. महादेव कोळ्यांच्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या या वीराला इंग्रजांनी 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. हा सारा डोंगराळ मुलूख त्यांच्या लपण्याच्या जागांनी भरलेला आहे, असे त्याचे म्हणणे, आणि ही घळ, ती गुहा असे तो बोटाने दाखवत होता. 1931 साली येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांविषयी औषधविक्रेत्या गृहस्थांनी त्याला सांगितले. त्याला ते नवे होते, आम्हाला राघोजी बऱ्याच अंशी नवे होते.

हनुमान दरवाजातून वर गेले की गडाचा माथा लागतो. माथा अरुंद आणि लांबट आहे. बुरुजाचा उरलेला भाग, वाड्याची जोती, कोकण दरवाजा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, असे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांच्यासाठी मी वेगळे वर्णन करीत नाही, कारण या वाटेवर खरे पाहायचे ते बाहेर आहे. माथ्यावरून जलाशय पहिल्यांदा अखंड दिसतो. रतनवाडीत काठाने जाताना ते पाणी सरळ पसरलेले वाटले होते. वरून कळले की ते सरळ कुठेच नाही. प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात ते थोडे-थोडे आत शिरलेले आहे, आणि ज्या सोंडा डोंगरातून उतरून एरवी नदीपर्यंत गेल्या असत्या, त्या पाण्यात बोटांसारख्या बुडालेल्या आहेत. धरण पुष्कळ दूर, पलीकडच्या टोकाला, एका रेघेइतके. पाण्याच्या पलीकडे कळसूबाई, 1646 मीटर उंचीचे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. तिच्या डावीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले एका ओळीत. घाटघरच्या बाजूला वाटाड्याने आणखी एक पाणी दाखवले. तिथल्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पात गरजेच्या वेळी वरचे पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. "म्हणजे पाणी सुद्धा चढ-उतार करतंय की," अण्णा म्हणाले. पश्चिमेला मात्र एकदम काही नाही: कडा तुटतो आणि थेट कोकण.

नेढ्याकडे जाणारी वाट गवतातून कड्याच्या धारेने जाते. नोव्हेंबरात गवत पिवळे पडून आडवे होऊ लागते आणि त्याखाली वाटेची कड झाकली जाते, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी काठीने चाचपावे लागते. शेवटचा थोडा भाग हाता-पायांनी चढायचा. नेढे म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक. थरांपैकी मऊ थर वाऱ्या-पावसाने झिजून निघून गेला आणि कठीण थर वर छतासारखा राहिला. आत पंधरा-वीस माणसे सहज बसतील. वारा इतका जोरात येत होता की बोलणे शेजारच्यालाही ऐकू जात नव्हते, टोप्या पिशवीत ठेवाव्या लागल्या, आणि चटणीचा डबा उघडताना तो छातीशी धरून उघडावा लागला. तिथे आम्ही जेवलो. कडक भाकरी हातावर कुस्करायची, वर शेंगाची चटणी, बाटलीतून थोडे तेल, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. वाटाड्याने आईने बांधून दिलेली नागलीची भाकरी सोडली होती. ती मऊ होती आणि त्या वाऱ्यात तीच अधिक चांगली लागली, हे सोलापूरकर असूनही मला मान्य केले पाहिजे.

इथपर्यंतचा प्रवास सगळेच लिहितात. माझ्या दृष्टीने या वाटेचा गाभा इथून पुढे आहे. नेढ्याच्या पलीकडे उतरून आपण त्र्यंबक दरवाजाशी येतो आणि तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या खाली जातात. पायऱ्या या शब्दाने घरचा जिना डोळ्यांपुढे आणू नये. त्या गुडघ्याइतक्या उंच आहेत, काही त्याहून उंच. काहींचा पुढचा भाग फुटून गेला आहे, काहींवर वरून घसरलेली माती आणि बारीक खडी साचली आहे. खडी हा खरा शत्रू. ओल्या दगडापेक्षा कोरड्या दगडावरची बारीक खडी अधिक घसरवते, कारण ओला दगड पाहून माणूस सावध होतो. वाटाड्या प्रत्येक पायरी हाताने झाडत पुढे चालला होता.

त्याने उतरण्याची पद्धत दाखवली. तोंड बाहेरच्या बाजूला करून, पायरीवर बसून, दोन्ही तळहात मागे टेकवायचे, आधी एक पाय खालच्या पायरीवर पूर्ण टेकवायचा, मग शरीर उतरवायचे. पायरी फारच उंच असेल तर कातळाकडे तोंड करून शिडीसारखे उतरायचे. उभ्याने, ऐटीत, उडी मारत उतरणे येथे वर्ज्य. आमच्या जिन्याच्या सरावाचा उपयोग इथे झाला. आधीचा चढ सगळ्यांना कमी-अधिक दमवून गेला होता, तरी मांड्यांनी अचानक साथ सोडली, गुडघे थरथरू लागले, असे कोणाचेही झाले नाही. थरथर सुरू होते ती सहसा उताराच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात, आणि ती सुरू झाल्यावर माणूस घाई करतो, असे भाचीने बजावून ठेवले होते. म्हणून दर थोड्या पायऱ्यांनी आम्ही सगळे बसत होतो, दम लागला नसतानाही. आमच्या मागून आलेला तरुणांचा एक गट या बसण्याला हसला. त्यांना पुढे जाऊ दिले.

मॅडम मधल्या एका पायरीवर थांबल्या. पायरीचा अर्धा भाग तुटलेला होता आणि खाली पाय कुठे टेकेल ते दिसत नव्हते. "इथून खाली यायचं कसं की ओ?" त्यांनी विचारले. वाटाड्या दोन पायऱ्या खाली गेला, आपले पाऊल कातळात घट्ट रोवले आणि म्हणाला, "ताई, माझ्या बुटावर पाय द्या." त्यांनी दिला. मग दुसरा पाय, मग तिसऱ्या पायरीवर बैठक. एका पायरीला लागलेला हा वेळ कोणीही मोजला नाही आणि कोणी घाईही केली नाही. दुसऱ्याच्या पावलावर पाय देणे हे मी आजवर वाक्प्रचारातच ऐकले होते.

पायऱ्या संपल्यावर खुट्ट्याच्या सुळक्याजवळून वाट साम्रदच्या बाजूला जंगलात उतरते. हा उतार मातीचा, सोपा आणि कंटाळवाणा आहे. पाय थकलेले असतात, लक्ष सैल झालेले असते, आणि मुळांत बूट अडकण्याचे प्रसंग इथेच येतात. झाडीत एकदा वरून फांद्या हलल्या आणि वाटाड्याने शेकरू दाखवला, तांबूस शेपटी लांब सोडून बसलेला. आपल्या राज्याचा हा प्राणी मी पहिल्यांदाच मोकळ्या रानात पाहिला. साम्रदची शेते दिसू लागली तेव्हा दुपार कलली होती. याच गावाजवळून सांदण दरी सुरू होते आणि तिथे जाणाऱ्यांच्या गाड्यांची गर्दी होती. तीही पाहून घ्यावी असा विचार एकाने मांडला, पण तो कोणी उचलून धरला नाही.

गडावर मोबाइलला रेंज येते-जाते आणि खाली जवळजवळ नसते, म्हणून चालकाला आदल्या दिवशीच साम्रदला अमुक वेळी ये असे सांगून ठेवले होते. तो वेळेआधी येऊन चहाच्या टपरीवर बसला होता. ही गोष्ट आधी ठरवली नाही तर गोल वाटेचा शेवटचा तुकडा डांबरी रस्त्याने पायी करावा लागतो, आणि उतरून आलेल्या गुडघ्यांना त्या कठीण रस्त्याइतके नकोसे दुसरे काही नसते.

परतताना गाडीत वाद झाला तो दिशेचा. अण्णांचे म्हणणे असे की, उंच पायऱ्या चढायला बऱ्या आणि शिड्या उतरायला बऱ्या, म्हणून साम्रदहून चढून रतनवाडीला उतरणे योग्य. काही अनुभवी मंडळीही तसेच करतात. माझे मत उलटे आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी शिड्यांवर वर येणाऱ्यांची आणि खाली जाणाऱ्यांची गाठ पडते, आणि शिडीच्या तोंडाशी अरुंद जागेत थकल्या पायांनी उभे राहणे हे पायरीवर बसून उतरण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. सकाळी लवकर, ताज्या पायांनी, रिकाम्या शिड्या चढून घ्याव्यात. पायऱ्यांवर गर्दी कमी असते आणि तिथे हवा तेवढा वेळ घेता येतो. अट एवढीच की खडक कोरडा हवा. पावसाळ्यात त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहते, तेव्हा या वाटेचा विचारही नवख्याने करू नये. दिवाळी ते होळी हा काळ ठीक, त्यातही सुट्टीचे दिवस टाळावेत. गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांनी गणेश दरवाजापर्यंत जाऊन गुहा पाहून परतावे, जलाशय तिथूनही बऱ्यापैकी दिसतो.

तिसऱ्या दिवशी, भाचीने सांगितले होते त्याप्रमाणेच, मांड्या दुखल्या. मॅडम शाळेचा जिना कठड्याला धरून आडव्या उतरत होत्या असे त्यांच्याच विद्यार्थिनींनी सांगितले. अण्णा मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत आणि पुढल्या हिवाळ्यात साम्रदहून चढून दाखवणार आहेत. वाटाड्याचा क्रमांक त्यांनी घेऊन ठेवला आहे.